पार्ट टाइम नोकरीत वाढत जाणारे तास कसे रोखायचे

आठवड्याचे 40 तास 24 वर आणले, पगार त्याच प्रमाणात कापला, पण जबाबदाऱ्यांची यादी कुणी उघडूनही पाहिली नाही. मूल लहान असताना पार्ट टाइम घेणाऱ्यांचे जादा तास बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात. वरिष्ठ मुद्दाम छळतात असं क्वचितच असतं. कामाचं माप कुणी नव्याने घेतलेलं नसतं, एवढंच.

हिशोब करून पाहा. ठरलेत 24 तास आणि रोज थोडं थोडं करत होतात 30. म्हणजे तासाला मिळणारा पगार 20 टक्क्यांनी घटला आणि चार आठवड्यांत एक अख्खा आठवडा फुकट गेला. रजा आणि निवृत्तीचे लाभ सहसा कागदावरच्या तासांवरच मोजले जातात, त्यामुळे जादा तास तिथेही दिसत नाहीत. मीटिंगांचं गणित तर आणखी वाकडं आहे. आठवड्याला 6 तास मीटिंगांत जात असतील तर पूर्णवेळ माणसाचा 15 टक्के वेळ जातो आणि तुमचा 25 टक्के. म्हणून 60 टक्के वेळेत 60 टक्के कामसुद्धा बसत नाही. काम निम्म्याच्या आसपास आणायला हवं किंवा काही मीटिंगांतून नाव काढून घ्यायला हवं.

हे बोलायची सोपी वेळ म्हणजे रुजू होण्याआधीची. करारात फक्त ‘आठवड्याला 24 तास’ असून भागत नाही. कोणते वार, किती ते किती, वार बदलायचा असेल तर किती दिवस आधी सांगायचं, जादा तासांचे पैसे की कॉम्प ऑफ (म्हणजे बदली सुट्टी), आणि तो किती दिवसांत घ्यायचा, हे सगळं लिहून घ्या. ओव्हरटाइमचं कलम दोनदा वाचा. कित्येक ठिकाणी वाढीव दर पूर्णवेळाचे तास ओलांडल्यावरच लागतो, म्हणजे तुमच्या पंचविसाव्या तासाला साधाच दर मिळतो, किंवा काहीच नाही. टार्गेटही तासांच्या प्रमाणात कमी केलंय का ते विचारा. नाहीतर अप्रेझलच्या वेळी पूर्णवेळ सहकाऱ्याशी सरळ तुलना होते.

रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे कसोटीचे. त्या काळात जे कराल तेच इतर लोक नियम धरून चालतात. कॅलेंडरवर निघायच्या वेळेपासून पुढचा भाग बंद ठेवा आणि निघण्याआधीची 20 मिनिटंही अडवून ठेवा: कुठलं काम कुठवर आलं, उद्या काय लागेल, अडलं तर कुणाला विचारायचं, एवढ्या चार ओळी पाठवायला. जादा तासांतला बराचसा भाग ‘एक मिनिट, ते कुठे ठेवलंय?’ अशा फोनांचाच असतो, आणि या चार ओळी ते फोन कमी करतात. पाळणाघर पाचला बंद होत असेल तर प्रवासाला लागणारा वेळ धरून ऑफिसात निघायची वेळ त्याहून आणखी 15 मिनिटं आधीची सांगा.

सगळ्यात घातक सवय म्हणजे मूल झोपल्यावर गुपचूप लॅपटॉप उघडणं. काम वेळेत पोचतं, त्यामुळे वरच्यांच्या दृष्टीने 24 तास पुरतात. मग माणूस वाढवायचा किंवा काम कमी करायचं कारणच उरत नाही.

नाही म्हणताना मुलाचं कारण पुढे करू नका. कारण सांगितलं की लोक त्यावर उपाय सुचवायला लागतात: आज आजी नाही का आणणार, बाबांना पाठवा ना. वेळ आणि पर्याय एवढंच बोला: ‘मी साडेतीनला निघते. हे उद्या दहाला घेऊन बारापर्यंत देते. आजच हवं असेल तर अहवाल मागे ठेवावा लागेल. कोणतं आधी करू?’ निवड समोरच्याच्या हातात गेली की निम्म्या ‘अर्जंट’ गोष्टी उद्यावर थांबतात. सुट्टीच्या वारी मीटिंग ठेवली तर तोच साचा: येईन, पण बदल्यात कोणता वार सुटेल ते आधी ठरवू. आणि पाळणाघराला विचारल्याशिवाय वार बदलायला हो म्हणू नका. मूळ वाराची फी सहसा भरावीच लागते, म्हणजे भुर्दंड दुहेरी.

एवढं करूनही तास वाढतच राहिले तर चार आठवडे नोंद ठेवा: तारीख, किती मिनिटं जादा, कुणी मागितली, कशामुळे. पाच-दहा मिनिटंही सोडू नका. ‘कशामुळे’ हा रकाना सगळ्यात कामाचा. खरी तातडी, ढिसाळ नियोजन, सुट्टीच्या वारची मीटिंग आणि आपलीच रेंगाळ, प्रत्येकावर इलाज वेगळा. ही नोंद घेऊन अर्ध्या तासाची भेट मागा आणि तीनच पर्याय ठेवा: अमुक काम कमी करा, ते दुसऱ्याला द्या, किंवा तास पगारासकट वाढवा. ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने पाठवा. तोंडी कबुली मॅनेजर बदलला की हवेत जाते. दोनदा विचारूनही उत्तर नाही आलं तर तीच नोंद एचआरकडे किंवा संघटनेकडे न्या, आणि आपल्याकडचा कामगार कायदा पार्ट टाइमबद्दल काय म्हणतो ते त्याआधी पाहून ठेवा.

तिसरा पर्याय समोर आला तर लगेच हो म्हणू नका. वाढीव पगारातून कर, पाळणाघराचे जादा तास आणि प्रवास वजा करून किती उरतात ते आधी काढा. आकडा पटला तरी वाढ तीन महिन्यांपुरतीच घ्या आणि जुन्या तासांवर परतायची तारीख त्याच पत्रात लिहून घ्या.