साडीवर काय सांडलं ते आधी सांगा: ड्रायक्लीनच्या या चुका टाळा

तुळशीची लग्नं लागली की आमच्या ड्रायक्लीनच्या दुकानात काउंटरवर एक वाक्य रोज ऐकू येतं. "डाग निघेना, म्हणून घरी थोडंसं पाणी लावलं." त्या 'थोडंसं'पायी किती रेशमी साड्या वाया गेलेल्या पाहिल्या, हे मोजणं मी कधीच सोडलंय.

ड्रायक्लीन कोरडं नसतं, हे आधी समजून घ्या. मशीनच्या ड्रममध्ये कपडे चांगले ओलेचिंब होतात, फक्त ते पाणी नसतं. मोठ्या मशीनमध्ये पर्क्लोरोइथिलीन नावाचं रसायन, आमच्या भाषेत पर्क, आणि लहान दुकानांत बहुतेक एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल), म्हणजे पेट्रोलच्याच गोतावळ्यातलं. तेल, तूप, लिपस्टिक, ग्रीस त्यात विरघळतं आणि धागा फुगत नाही. पाण्याने फुगतो. कोटाचं लोकरी कापड, आतलं बुकरम (आकार धरणारं कडक कापड) आणि अस्तर, तिघं पाण्यात तीन मापांनी आटतात. घरी धुतलेल्या कोटाच्या छातीवर पापडासारखे फोड येतात ते उगाच नाही.

पण साखर, घाम, चहा यांना पर्क हातही लावत नाही. ते पाण्यानेच निघणारे डाग. मशीनला टाकण्याआधी ते एकेक करून हाताने काढावे लागतात, त्याला आम्ही स्पॉटिंग म्हणतो. आणि डाग कुठे, कशाचा, हे माहीत असेल तरच ते जमतं.

एकदा क्रीम रंगाची शेरवानी आली. विचारलं, "काही सांडलंय का?" नवरदेवाचे वडील म्हणाले, "छे, दोन तास तर घातलीय." ट्यूबलाइटखाली धरून पाहिली, स्वच्छ. मशीनमधून निघाली तेव्हाही ठीक वाटली. वाफेची प्रेस फिरवली आणि छातीपासून पोटापर्यंत चहाच्या रंगाचे शिंतोडे उमटले. दुपारी वडील दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांसमोर मला धुऊन काढलं. सोबत आलेली करवली बराच वेळ गप्प होती, मग हळूच म्हणाली, "बाबा, वरातीत पोरांनी सोडा उडवला होता ना!" बिनरंगाचा गोड सोडा वाळला की दिसत नाही. साखर मात्र धाग्यात राहते आणि उष्णता लागली की पाकासारखी तांबूस होते. तीन दिवस थेंब थेंब पाणी लावून टिपत बसलो. निम्मे शिंतोडे गेले, निम्मे राहिले. पैसे घेतले नाहीत.

चूक माझीही होतीच. तेव्हापासून मी नुसत्या डोळ्यांवर विसंबत नाही. पदर, निऱ्या, बाह्या यांवरून बोट फिरवतो; साखर वाळलेली जागा किंचित कडक लागते. आणि काय सांडलं ते पावतीवरच लिहून घेतो. लोक लाजतात. लाजू नका, दारू सांडली असेल तर दारू सांगा, मी घरी फोन करत नाही.

दुसरी चूक हळदीची. डाग पडला की पहिला हात साबणाकडे जातो आणि पिवळा डाग लालभडक होतो. मग घाबरून अजून साबण! अहो, हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. साबणाचा क्षार लागला की हळद लाल होते. पांढरा सुती सदरा असेल तर खुशाल धुवा आणि उन्हात टाका, ऊन हळद खातं. पण रेशमाला तेच ऊन लावलंत तर डागाबरोबर साडीचा रंगही उतरेल. रेशमावर काहीही सांडलं तर माझा नियम एकच: कोरडं सुती फडकं वर दाबून टिपायचं, घासायचं नाही. ओलं रेशीम घासलं की धाग्यांना लव सुटते आणि तिथे पांढुरका पट्टा उरतो. डाग निघतो हो कधी कधी, तो पट्टा कोणाच्याच्याने निघत नाही.

बाकीचं थोडक्यात. ब्लीच रेशीम आणि लोकर दोन्ही खातं. घरी बादलीत पेट्रोल ओतून 'पेट्रोल वॉश' करणाऱ्यांना मी काय सांगू, स्वयंपाकघरात गॅस पेटलेला असतो एवढं आठवा. डागावर इस्त्री फिरवू नका. सूटची एकटी पँट आणू नका, पुढे कोट वेगळ्या छटेचा दिसतो. टिकल्या गोंदाने चिकटवलेल्या असतील तर आधी सांगा, पर्कमध्ये गोंद सुटतो. लेबलवर नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन चालेल, फुली मारलेलं वर्तुळ म्हणजे नाही. साधे सुती कुर्ते मात्र आणूच नका. ते घरीच जास्त स्वच्छ निघतात, हे मी धंद्याला मारक असूनही सांगतो.

कपडा घरी नेल्यावर प्लास्टिक काढा, वाऱ्यावर टांगा, वास गेला की मलमलमध्ये गुंडाळा. पर्कचा वास अंगाला चांगला नाही. अमेरिकेने २०२४ च्या डिसेंबरात ड्रायक्लीनिंगमधून पर्क १० वर्षांत हद्दपार करायचा नियमच केला.

आणि संध्याकाळी लग्न म्हणून सकाळी साडी घेऊन येणाऱ्यांना मी इस्त्री करून देतो. ड्रायक्लीन नाही.