निवाऱ्यातलं मांजर घरी नेताय? या चुका टाळा

८ ऑगस्टला जागतिक मांजर दिन असतो. २००२ पासून तो पाळला जातो आणि आता मोबाइलमुळे आमच्या आर्वीकडच्या खेड्यांतही पोचलाय. त्या दिवशी सकाळपासून मला फोन सुरू होतात. "ताई, एखादं पिल्लू आहे का? आजच पाह्यजे." शहरातल्या निवाऱ्यात जागा उरली नाही की तिथली काही मांजरं माझ्याकडे येतात, आणि मी आसपासच्या गावांत त्यांना घर बघून देते. बारा वर्षं झाली या कामाला. मांजराचं कोणी कौतुक केलं की मला मनापासून बरं वाटतं. तरी त्या दिवशी मी एकही मांजर हातात देत नाही. चार दिवसांनी या म्हणते. जो चार दिवसांनी खरंच येतो, त्याच्याकडे मांजर टिकतं.

ज्यांच्याकडे टिकत नाही, त्यांच्या चुका बारा वर्षांत बदललेल्या नाहीत.

पहिल्याच दिवशी अंगणात सोडणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि मी हात जोडून सांगूनही लोक करतात. मांजर नेलं, अंगणात खोकं उघडलं, "जा बाई, हे तुझं घर." मांजराला ते घर आहे हे कुठून कळणार? त्याला नवा वास, नवी माणसं, भुंकणारं कुत्रं आणि गोठ्यातली गुरं दिसतात. ते पळतंच.

तीन वर्षांमागची गोष्ट. माझ्याकडे एक पांढरीशुभ्र मांजरी होती, आम्ही तिला कपाशी म्हणायचो. सोळा किलोमीटरवरच्या गावातला एक तरुण शेतकरी तिला घेऊन गेला. पोरगा चांगला, घरची माणसंही मायाळू. पंधरा दिवस खोलीत ठेव म्हणून मी त्याला दोनदा बजावलं होतं. तिसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, कपाशी गेली." विचारलं तर म्हणाला, "कोंडून कायले ठेवाव म्हटलं, जीव घाबरते ना तिचा." सोडल्या सोडल्या ती कडुनिंबावरून कवेलूवर चढली आणि पलीकडे उतरून दिसेनाशी झाली. मग घरच्यांनी काय केलं, तर गल्लीतली दहा पोरं गोळा करून भर दुपारी हाका मारत गावभर फिरवली. म्हणजे होती नव्हती ती हिंमतही घालवली तिची.

घाबरलेलं मांजर सहसा लांब जात नाही. जवळच कुठंतरी अंग चोरून बसतं आणि ओळखीच्या माणसानं हाक मारली तरी ओ देत नाही. मी गेले तेव्हा पोरांना घरी पाठवलं, कुत्रं बांधायला लावलं आणि रात्री दहानंतर गाव निजल्यावर बॅटरी घेऊन निघाले. कोठ्यामागं तुराट्यांचा मोठा ढीग होता. घरापासून जेमतेम तीस पावलांवर. बॅटरी जमिनीलगत धरली तेव्हा अगदी तळाशी दोन हिरवे ठिपके चमकले. हात घातला असता तर ती आणखी आत गेली असती. म्हणून आठवडी बाजारातले सुके झिंगे तव्यावर नुसते गरम करून वाटीत ठेवले आणि पाच हातांवर गप्प बसले. त्या रात्री ती आली नाही. मग रोज त्याच वेळी, त्याच जागी, तीच वाटी. मी दोन रात्री थांबले, पुढं त्या पोराच्या आईनं नेम धरला. नवव्या रात्री कपाशी वाटीशी आली आणि त्या माउलीनं तिला पदरात गुंडाळून घरात नेलं. पंजात तुराट्यांच्या कुसळी रुतल्या होत्या, बरगड्या हाताला लागत होत्या. मग मात्र तीन आठवडे ती कापूस भरलेल्या खोलीत राहिली. कापसाच्या गंजीवर बसली की फक्त नाक तेवढं गुलाबी दिसायचं.

माझी पद्धत साधी आहे. एक खोली, दार बंद, खिडकीला जाळी. घमेल्यात वाळू, वाळूपासून लांब पाणी आणि खाणं. एक खोकं आडवं ठेवायचं, त्यात तुमचं वापरलेलं लुगडं किंवा बनियन, धुतलेलं नको. पहिले दोन-तीन दिवस मांजर खोक्यातून बाहेर येणार नाही. येऊ नये. त्याला ओढून काढू नका, पाहुण्यांना दाखवू नका. रोज त्या खोलीत जाऊन अर्धा तास नुसतं बसा, तांदूळ निवडा, हिशेब लिहा. ते आपणहून तुमच्या पायाला अंग घासेल, त्याच्यानंतर पंधरा दिवस मोजायला सुरुवात करा. बाहेर पहिल्यांदा सोडायचं ते जेवणाच्या थोडं आधी, पोट रिकामं असताना. खाण्यासाठी ते परततं.

ज्याला इतकं थांबायचं नाही, त्यानं मांजर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एक लक्षात ठेवा. नव्या जागी मांजर एखादा दिवस जेवत नाही, ते चालतं. पण दोन दिवस उलटले तर डॉक्टर गाठा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि त्यातून ते दगावू शकतं.

"उंदरांसाठी पाह्यजे, खायला कायले द्यायचं?"

भरलेल्या पोटाचं मांजर उंदीर मारत नाही, हा समज आमच्याकडे घट्ट बसलाय. मांजर शिकार करतं ते अंगच्या सवयीनं. उपाशी ठेवलेलं मांजर तुमच्या घरी उंदीर मारत बसत नाही, ते शेजारच्या घरी दूध शोधायला जातं.

यातला खरा घात पुढं आहे. मांजर आणायचं आणि धान्याच्या खोलीत उंदराचं औषधही ठेवायचं. हळद्या नावाचा पिवळा बोका मी असाच गमावला. ज्या घरी दिला तिथं पोत्यांमागं औषधाच्या वड्या पडलेल्या होत्या, आधीच्या हंगामातल्या. कोणाच्या ध्यानातही नव्हत्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वड्यांत ब्रोमॅडिओलोन असतं. त्यानं रक्त गोठणं थांबतं, पण लगेच नाही, तीन-चार दिवसांनी. विष खाल्लेला उंदीर तोवर हिंडतो, सुस्त होतो, आणि सुस्त उंदीर मांजराला सोपा. हळद्यानं असे किती खाल्ले देव जाणे. मला कळलं तेव्हा त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि नाकातून रक्त येत होतं. या विषावर उतारा आहे, के-१ जीवनसत्त्व, पण वेळेत द्यावं लागतं. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली, तिथं गुरांची औषधं होती, हे नव्हतं. रात्री माझ्या मांडीवर गेला तो.

झिंक फॉस्फाइडवर तर उताराच नाही. म्हणून आता मांजर देण्याआधी मी स्वतः त्यांची धान्याची खोली बघते. पोती हलवायला लावते. औषध निघालं तर ते गाडून, फरशी धुऊन, महिना जाऊ देते. काही लोक यावरून रागावतात. रागावू देत.

माळकरी घर आणि मांजर

माळकरी घरांतून प्रेमानं मागणी येते, आणि मला तिथं नाही म्हणताना वाईट वाटतं. दूध-पोळीवर मांजर जगताना दिसतं, कारण बाहेर जाऊन ते शिकार करून येतं. घरातच ठेवलं तर त्याची दृष्टी आणि हृदय खराब होतं. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर स्वतः पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. त्याच्या कमतरतेनं मांजराचं हृदय फुगतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं. घरात अंडं-मटण शिजत नसेल तर मांजराचं तयार कोरडं खाद्य आणायची तयारी ठेवा. कुत्र्याचं खाद्य चालत नाही.

दूध म्हणाल तर मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाही, हगवण लागते. पाणी द्या.

आणखी काही, थोडक्यात

बैलाचं उरलेलं गोचिडाचं औषध मांजराला कधीही लावू नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिननं त्याला झटके येतात आणि ते मरतं.

तापाची पॅरासिटामॉल गोळी, अर्धीसुद्धा नाही. मांजरासाठी ती विषच.

पोत्यात घालून मोटारसायकलवर नेऊ नका. भाजीचे दोन क्रेट एकावर एक पालथे घालून सुतळीनं बांधले की झालं, वर ओला पंचा टाका.

पिल्लं एकटी दिसली की उचलू नका. आई बहुतेक वेळा जवळच असते, जागा बदलत असते. दोन-तीन तास लांबून बघा.

नसबंदी "एक वेत होऊ द्या, मग बघू" म्हणून टाळू नका. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. त्या पिल्लांना घर शोधायला पुन्हा माझ्याकडेच येता ना? आठव्या आठवड्यापासून लसी सुरू करा, तीन महिन्यांनंतर रेबीजची.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती सवय नाही, धोका आहे. सावलीत घ्या, अंग ओलं करा, डॉक्टरला फोन लावा. कुलरच्या टाकीवर झाकण हवंच, पिल्लं बुडतात.

काळं मांजर अशुभ म्हणून नाकारू नका. माझ्याकडे आता तीन मांजरं आहेत, तिन्ही काळी, आणि तिन्ही दोन-दोन वर्षांपासून थांबलीत.

आणि नाहीच जमलं, तर रात्री पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या बाजारात सोडून येऊ नका. मला परत आणून द्या. मी बोलणार नाही काही. रात्री अकरालाही दार उघडते.