फियाट की अँबेसिडर? भांडण्याआधी मोजून घ्या

आमचे मेहुणे फियाटवाले, आमच्याकडे वडिलांपासून अँबेसिडर. दिवाळीला ते गंगापूर रोडला आले की फराळाची ताटं उचलायच्या आत वाद सुरू. मी नाशिकच्या सातपूरला कारखान्यात, क्वालिटीत तीस वर्षं मायक्रोमीटर धरलेला माणूस, शेवटी वही काढली. दोन जुन्या गाड्या ताडून बघायच्या तर माझी पद्धत अशी.

आधी आरसी बुक आणि बॉनेट, दोन्ही उघडा. आत मूळचंच इंजिन आहे ना? मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेल्या अँबेसिडर कमी नाहीत, मग छापील आकडे कशाला बघायचे! आणि 1992 नंतरची इसुझू इंजिनाची, 1817 सीसीची अँबेसिडर जुन्या फियाटसमोर आणणं म्हणजे बैलांच्या शर्यतीत ट्रॅक्टर उतरवणं.

सीसी, म्हणजे पिस्टन सिलिंडरांत जेवढी जागा व्यापत फिरतात ती, स्वतः काढा. बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) वर्ग गुणिले 0.7854, गुणिले स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), गुणिले चार सिलिंडर, सगळं सेंटिमीटरमध्ये. फियाटचा बोअर 6.8, स्ट्रोक 7.5, उत्तर 1089. अँबेसिडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बोअर 7.3025, स्ट्रोक 8.89, उत्तर 1489. मेहुण्यांचं इंजिन बोअरिंग करून अर्धा मिलिमीटर वाढवलेलं निघालं, म्हणजे 1106 सीसी. त्या सतरा सीसींवर त्यांनी एक लाडू जास्त खाल्ला.

स्ट्रोककडेही नीट बघा. अँबेसिडरचा स्ट्रोक बोअरपेक्षा जवळपास 16 मिलिमीटर लांब, फियाटचा फक्त 7. लांब स्ट्रोकमध्ये पिस्टन एका फेरीत जास्त पळतो, म्हणून ते इंजिन फार फिरवायचं नसतं. त्याचा जोर खालच्या फेऱ्यांत ठेवलेला असतो. फियाटला थोडं रडवावं लागतं, मग ती पळते.

अश्वशक्तीत मात्र मी स्वतः फसलो होतो. जुन्या माहितीपत्रकांत एसएई ग्रॉस आकडा असतो, तो पंखा-सायलेन्सर काढून मोजलेला. डीआयएन म्हणजे सगळं लावून. एकीचा हा आणि दुसरीचा तो घेतला की वाद आयुष्यभर चालतो. एकाच जातीचे आकडे घ्या आणि वजनाने भागा. फियाट चाळीसच्या आसपास, वजन सुमारे 895 किलो. अँबेसिडर पन्नासच्या आसपास, वजन 1100 किलोच्या वर. टनामागे दोघीही पंचेचाळिसाच्या आगेमागे! भांडण इथेच मिटायला हवं होतं.

नाही मिटलं, म्हणून रस्त्यावर. त्याआधी गेज लावून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, बघा. दमलेल्या इंजिनाची परीक्षा घेऊन काय उपयोग? हवा पुस्तकाप्रमाणे भरा. स्पीडोमीटरवर विसंबू नका, मोबाइलचं जीपीएस लावा.

पहाटे रिकाम्या, सपाट रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ताशी 30 वरून 60 ला जायला किती सेकंद लागतात ते मोजा, जाताना एकदा आणि येताना एकदा. वारा नि चढ कापले जातात. अ‍ॅव्हरेजसाठी टाकी काठोकाठ भरून त्र्यंबकला जाऊन या आणि त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून पुन्हा काठोकाठ भरा.

शेवटी नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट. माणसं तितकीच, आणि एकदा चढून झालं की ड्रायव्हर बदला. हे विसरू नका, कारण आपण आपल्या गाडीला नकळत सांभाळून घेतो. कुठल्या वळणावर गिअर खाली टाकावा लागला ते मागच्या सीटवरच्याने लिहायचं. आमच्याकडे ते काम भाचीने केलं, कुणाचीही भीडभाड न ठेवता. चढावर अँबेसिडरने गिअर कमी मागितले, वळणांत फियाट हलकी वाटली.

अँबेसिडर वर नेऊन उतरताना मेहुणे म्हणाले, "स्टेअरिंग बरं आहे हो तुमचं." रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी-चक्राचं आहे, असणारच. फियाटचा स्टेअरिंगवरचा गिअर लोण्यासारखा पडतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.