फवारणीने एफटीओ काच (वीज वाहणारी पारदर्शक काच) बनवताना: एमएस्सी-पीएचडीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

सोलर सेलवर काम करायला येणाऱ्या बहुतेकांचं लक्ष प्रकाश शोषणाऱ्या थराकडे असतं. खालची वाहक काच म्हणजे विकत आणायची वस्तू. नेहमीच्या सिलिकॉन सेलमध्ये चांदीच्या बारीक रेघा वीज गोळा करतात, त्यामुळे तिथे हे चालून जातं. पेरोव्हस्काइट, डाय-सेन्सिटाइज्ड किंवा कॅडमियम टेल्युराइड सेलमध्ये मात्र पारदर्शक वाहक थराशिवाय गत्यंतर नाही, आणि तो थर खराब असेल तर वर कितीही नीट काम करा, सेल चांगला निघत नाही.

या थरासाठी आयटीओ, म्हणजे कथिल मिसळलेलं इंडियम ऑक्साइड, हा एक पर्याय. पण त्यातलं इंडियम महाग, आणि हवेत ३००-३५० अंशांपुढे तापवलं की थराचा रोध वाढतो. त्यावर येणारा टायटानियाचा (टायटॅनियम डायऑक्साइडचा) थर तर ४५० अंशांवर भाजावा लागतो. ॲल्युमिनियम मिसळलेलं झिंक ऑक्साइड स्वस्त पडतं, पण ते आम्ल आणि दमट हवा सोसत नाही. म्हणून सुरुवात फ्लोरिन मिसळलेल्या टिन ऑक्साइडने, म्हणजे एफटीओने करा. स्प्रे पायरोलिसिसला, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून थर बनवण्याच्या पद्धतीला, निर्वात पंप लागत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीवर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे. साध्या महाविद्यालयातही ती उभी करता येते.

१०० मिली ०.२ मोलर द्रावणासाठी स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट ७.०१ ग्रॅम आणि अमोनियम फ्लोराइड ०.३७ ग्रॅम घ्या. फ्लोरिन आणि कथिलाचं हे प्रमाण एकास दोन होतं. तापलेल्या काचेवर बरंचसं फ्लोरिन उडून जातं, म्हणून द्रावणात ते इतकं जास्त ठेवायचं. पुष्कळ लेखांत मिथेनॉल सांगितलेलं असतं. नवख्यांनी डबल डिस्टिल्ड पाणीच वापरावं, कारण तापलेल्या प्लेटवर अल्कोहोल फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. द्रावण दुधाळ होऊ नये म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-चार थेंब घाला. बाटलीतलं स्टॅनिक क्लोराइड ओलसर होऊन गोळे झालेलं असेल, तर तराजूवर तुम्ही बरंचसं पाणीच मोजताय. ती बाटली बाजूला ठेवा.

फ्लोराइड काच खातं, त्यामुळे बीकर प्लास्टिकचा. आम्लात मिसळल्यावर त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि फवारताना त्याची वाफही निघते. फ्यूम हूड, नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाने भाजल्यावर लावायचं), यांतलं एकही नसेल तर त्या दिवशी फवारणी करू नका. एकट्याने तर कधीच नाही.

काचा साबणाचं पाणी, डिस्टिल्ड पाणी, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांत प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं अल्ट्रासोनिकमध्ये ठेवा. धुतलेल्या काचेवर पाणी न तुटता सलग पसरलं तरच ती स्वच्छ.

सगळ्यात जास्त चुका तापमानात होतात. कंट्रोलरवर ४७५ दिसतं, म्हणजे काचेचा वरचा पृष्ठभाग ४७५ वर आहे असं नाही; फरक काही दहा अंशांचा असू शकतो, कोपऱ्यात त्याहून जास्त. एका टाकाऊ काचेच्या वरच्या बाजूला बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) चिकटवा आणि आकडा तिथून घ्या. तो ४५० ते ४७५ हवा. नोझल २५-३० सेंटिमीटरवर, प्रवाह मिनिटाला ३ ते ५ मिली. सलग फवारलं की पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो. म्हणून पाच सेकंद फवारा, थांबा, थर्मोकपल पूर्ववत झाला की पुन्हा. काम संपल्यावर काच प्लेटवरच थंड होऊ द्या, नाहीतर तडकते. कॉम्प्रेसरच्या हवेला तेल-पाण्याचा फिल्टर नसेल तर थरावर गोल डाग पडतात.

थर पांढरट निघाला, तर कारणं दोन आणि उपाय परस्परविरुद्ध. तापमान कमी असेल तर थेंब ओलाच पोचतो आणि कडा सोडून वाळतो. भिंगाखाली बारीक कडी दिसतात आणि ती पुसून जात नाहीत. तापमान फार असेल तर थेंब वाटेतच वाळतो आणि वर नुसती भुकटी बसते. ओला कापूस फिरवा: पांढरं कापसावर आलं तर तापमान उतरवा, नाहीतर चढवा. हे न बघता कंट्रोलर फिरवत बसण्यात आठवडे जातात. गुलाबी-हिरवे पट्टे मात्र जाडीतल्या फरकाने दिसतात. त्या वर्तुळाकार पट्ट्यांचा मध्य काचेच्या मध्यावर नसेल तर नोझल सरकवा. सगळं बरोबर असूनही रोध जास्त येत असेल, तर साध्या काचेतलं सोडियम थरात शिरत असण्याची शक्यता असते. आधी सिलिकाचा पातळ थर दिल्याने ते अडतं.

रोध मल्टिमीटरने मोजू नका. त्याने फक्त वाहक बाजू कोणती ते कळतं. चार टोकं टेकवून मोजणाऱ्या फोर प्रोबमध्ये १ मिलीॲम्पिअरला २.२ मिलीव्होल्ट आले, तर ४.५३ ने गुणून शीट रोध (थराच्या चौरस तुकड्याचा रोध) साधारण १० ओहम. हा ४.५३ मोठ्या नमुन्यासाठी आहे. टोकांत १ मिलीमीटर अंतर आणि नमुना १० मिलीमीटरचा चौरस असेल तर तो ४.२२ होतो.

रोध कमी झाला की आनंद होतो, पण त्याच जागेची पारदर्शकताही मोजा. हाके या संशोधकाने १९७६ मध्ये मांडलेलं सूत्र वापरा: पारदर्शकतेचा दहावा घात भागिले शीट रोध; आकडा मोठा तितका थर चांगला. ८० टक्के आणि १० ओहमला ०.०१०७ येतात; ८५ टक्के आणि १५ ओहमला ०.०१३१. थर जाड करून पाच ओहम कमावले आणि सेलचा प्रकाश घालवला, असा तो सौदा. मोठ्या सेलमध्ये रोधाचं वजन वाढतं, तेव्हा केवळ या आकड्यावर जाऊ नका.

आणि ‘स्वस्त’ हा शब्द प्रबंधात लिहिण्याआधी खर्च वापरण्याजोग्या काचांवर भागा. द्रावणातली रसायनं किरकोळ पडतात. वीज आणि वाया गेलेल्या काचा महाग पडतात. दहापैकी चारच सारख्या निघत असतील, तर खर्च अडीचपट धरावा लागतो. प्रत्येक काचेचे पाच ठिकाणचे रोध नोंदवा, फक्त सर्वात चांगला नको.

नक्षी काढताना, म्हणजे थराचा काही भाग काढून टाकताना, लक्षात ठेवा, नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल या थराला काही करत नाही. राखायच्या भागावर कॅप्टॉन टेप (पॉलिइमाइडचा चिकटपट्टी टेप) लावा, उघड्या भागावर जस्ताची पूड पसरून २ मोलर आम्लाचे थेंब टाका, बुडबुडे येऊ लागले की कापसाच्या बोळ्याने घासा. हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ ज्योत नको. शेवटी दोन्ही भागांमधला रोध मल्टिमीटरने बघा. अनंत दाखवला तरच पुढचा थर टाका.