प्राचीन लिप्यांतल्या होड्या एकमेकींशी कशा ताडून पाहाव्यात

होडी कुणीही काढली तरी होडीसारखीच दिसणार: खाली पोट, दोन्हीकडे वर वळलेली टोकं, जमलं तर एखादी डोलकाठी. त्यामुळे दोन लिप्यांतल्या होड्या सारख्या दिसल्या म्हणून लगेच त्यांचं नातं जोडू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक खुणेबद्दल चार गोष्टी टिपा: ती कुठली नि कधीची, कोणत्या दिशेने वाचायची, ओळीत तिचं काम काय, आणि लिहिणाऱ्यासमोर पाणी कोणतं होतं.

आधी चित्रं बाजूला काढा. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे; ते शिल्प आहे, लिपी नव्हे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर उंच टोकांची, मधोमध खोपी असलेली नौका आहे, तीही चित्रच. सिंधू लिपी अजून वाचता आलेली नाही. लिपितज्ज्ञ इरावतम महादेवन यांनी 1977 मध्ये तिच्या 417 खुणांची यादी दिली, पण त्यातल्या एखादीला नुसत्या आकारावरून होडी म्हणता येत नाही. वहीतला तो रकाना कोराच ठेवा.

सुरुवात इजिप्तपासून करा, कारण तिथल्या होड्या वाचता येतात. इजिप्तची भाषा अभ्यासणाऱ्या गार्डिनरच्या चित्रलिपीच्या चिन्हयादीत ‘पी’ हा गट जहाजांचा आहे. ‘खेदी’ म्हणजे उत्तरेला जाणं. या शब्दाच्या शेवटी बिनशिडाची होडी येते. ‘खेंती’ म्हणजे दक्षिणेला जाणं. तिथे शीड फुगलेली होडी येते. नाईल उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुतेक वेळा उत्तरेकडूनच येतो. म्हणजे जाताना प्रवाह नेणार, येताना शीड. या होड्यांचा उच्चार होत नाही, त्या फक्त अर्थ दाखवतात. वल्ह्याचं मात्र उलट आहे. ‘खेरू’ म्हणजे आवाज, आणि हा शब्द वल्ह्याच्या खुणेने लिहितात तो केवळ उच्चार जुळतो म्हणून. तिथे पाणी शोधत बसू नका.

उत्तरेला जाणं म्हणजे प्रवाहाबरोबर जाणं, ही सवय किती खोल होती, याचा मला फार आवडणारा पुरावा इजिप्तच्या दक्षिणेला, नूबियात आहे. इसवी सनपूर्व 1500 च्या सुमारास इजिप्तचा राजा पहिल्या थुतमोसने तिथल्या तोंबोस इथे लेख कोरवला. त्यात युफ्रेटिसला उलटं पाणी म्हटलं आहे: प्रवाहाबरोबर जावं तर माणूस दक्षिणेला पोचतो!

आता त्याच युफ्रेटिसकाठी या. सुमेरी ‘मा’ म्हणजे होडी. उरुक या सुमेरी शहरातल्या जुन्या मातीच्या पाट्यांवर तिचा आकार ओळखू येतो. पुढे खुणा 90 अंशांत आडव्या झाल्या आणि बोरूने मातीत उमटवलेल्या पाचरीसारख्या ठशांत होडी हरवली. म्हणून कागद फिरवून बघा, आणि उशिराचा नमुना इतर लिप्यांशी ताडू नका. हीच खूण त्याच प्रदेशातल्या अक्कडी भाषेत ‘एलेप्पु’ अशी वाचतात, तेव्हा भाषाही टिपून ठेवा. नावाड्याचा सुमेरी शब्द अक्कडीत ‘मलाहु’ झाला, अरबीत ‘मल्लाह’, आणि हिंदीतून तो आपल्याही कानावर आहे. खूण पुसली गेली, शब्द तरला.

चीनची होडी, ‘झोउ’, आन्यांगच्या शांग राजघराण्याच्या काळातल्या अस्थिलेखांत, म्हणजे हाडांवर कोरलेल्या लेखांत, उभी असते: दोन लांब वाकड्या बाजू, मधे आडव्या रेघा, टोकं बोथट. लेखन वरून खाली जातं, म्हणून लांब वस्तू उभ्या केल्या आहेत. इसवी सन 100 च्या सुमारास श्यू शेनच्या कोशात ‘पुढे’ या अर्थाच्या अक्षराची फोड दिली आहे: होडीवर पाऊल, म्हणजे न चालता पुढे जाणं.

पण इथे घाई केली तर फसगत होते. ‘बान’ या अक्षरात आज डावीकडे स्पष्ट होडी दिसते. अस्थिलेखांत त्याच जागी तबक आहे. दोन्ही आकार जवळचे, म्हणून पुढच्या लेखनिकांनी तबकाची होडी केली. उलट ‘कपडे’ या अर्थाच्या आजच्या अक्षरात चंद्र दिसतो, तिथे जुन्या लेखनात होडी होती. म्हणून चिनी नमुना घेताना छापील अक्षर घेऊ नका, हाडावरचा ठसा शोधा आणि तोच वहीत उतरवा.