कुमारवयातला हृदयाच्या झडपेचा आजार: कारण ओळखा, एकवीस दिवसांची तारीख सांभाळा

दहावीतल्या मुलाला दादरचा रेल्वे पूल चढताना मध्येच थांबावं लागतं, आडवं झालं की खोकला येतो, छाती धडधडते. ‘अभ्यासाचा ताण’ म्हणून टॉनिक आणण्याआधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या. मरमर, म्हणजे ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज, ऐकू आली तर पुढची तपासणी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडप कोणती, गळते की अरुंद झाली आहे आणि किती, हे त्यात दिसतं.

१. कारण कागदावर लिहून घ्या

आपल्याकडे या वयात सर्वात मोठा वाटा रुमॅटिक फिव्हरचा. स्ट्रेप्टोकोकस जंतूने घसा दुखतो, बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो आणि गुडघा, घोटा, मनगट असे सांधे आळीपाळीने सुजतात. जंतूशी लढणारी प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते. सांधे पूर्ण बरे होतात म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) पुढे जाड होत, आकसत जाऊ शकते. रुमॅटिक फिव्हरचा पहिला झटका बहुधा ५ ते १५ या वयात येतो. चाळीच्या एका खोलीत सहा-सात जण झोपत असतील, तर घशाचा जंतू सहज पसरतो.

काहींचा दोष जन्मजात असतो: महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या. तिथे पेनिसिलीनचा काही उपयोग नाही, ठरावीक काळाने इको लागतो. आणि रक्ततपासणीत नुसता ‘एएसओ’ (स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडं) वाढला म्हणजे रुमॅटिक फिव्हर झाला असं नाही. त्या एकाच रिपोर्टवर इंजेक्शनं सुरू होत असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

२. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस

रुमॅटिक आजारात बेन्झाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यायचं. मोठ्या मुलांना १२ लाख युनिट, साधारण २७ किलोखालच्यांना ६ लाख. चौथ्या आठवड्यात रक्तातलं पेनिसिलीन कमी पडतं, म्हणून ‘महिन्याला एक’ हा हिशेब चुकतो. खराब झालेली झडप या औषधाने दुरुस्त होत नाही. पुढचा झटका टळतो, आणि प्रत्येक झटका झडपेचं नुकसान वाढवतो. मुलगा ठणठणीत दिसतो, परीक्षा येते, मे महिन्यात गावी जायचं असतं, आणि तारीख चुकते ती इथेच. गावाला जाताना चिठ्ठी सोबत ठेवा, तिथल्या आरोग्य केंद्रात आधी विचारून ठेवा.

कोर्स किती वर्षं? हृदयाला इजा नसेल तर ५ वर्षं किंवा वयाच्या १८पर्यंत. सौम्य-मध्यम इजा असेल तर १० वर्षं किंवा २५पर्यंत. दोन्हींत जे उशिरा येईल ते धरायचं. आजार तीव्र असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर किमान चाळिशीपर्यंत, शक्यतो आयुष्यभर.

इंजेक्शन दुखतं, हे नाकारू नका. उपाशीपोटी नेऊ नका. औषध खोलीच्या तापमानाला आलेलं असावं, आडवं झोपवून दोन-तीन मिनिटांत सावकाश द्यावं, नंतर अर्धा तास तिथेच बसावं. झडप फारच खराब असेल किंवा दम लागत असेल, तर गोळ्यांचा पर्याय डॉक्टरांना विचारा. पेनिसिलीनची ॲलर्जी असल्यास एरिथ्रोमायसिन असतं.

३. कृत्रिम झडप बसवल्यावर

मायट्रल झडप फक्त अरुंद असेल तर बऱ्याचदा रक्तवाहिनीतून नेलेल्या फुग्याने उघडता येते. बदलावीच लागली, तर धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी (वॉरफरिन) जन्मभर. जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून केलेली, झडप तरुण वयात लवकर खराब होते.

गोळी रोज ठरल्या वेळी घ्या. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे सांगणारा आकडा, तपासत राहा: मायट्रलला बहुधा २.५ ते ३.५, महाधमनीच्या झडपेला २ ते ३. पालक, मेथी बंद करायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. डोकं दुखलं म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. दहीहंडीच्या थरात चढणं बंद. खाली उभं राहून ढोल वाजवण्याचं डॉक्टरांना विचारता येईल.

४. दात, ताप, पैसे

किडलेल्या दातातले जंतू रक्तातून झडपेवर बसतात. दोन वेळा ब्रश करा, आणि कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी अँटिबायोटिक लागतं, हे दंतवैद्याला आधीच सांगा. ताप आठवडाभर उतरत नसेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी) करून घ्या.

परळचं केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. १८ वर्षांखालच्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे.

५. अठरा वर्षं होण्याआधी

फाइल मुलाच्या हाती द्या: इकोचे रिपोर्ट, इंजेक्शनच्या तारखा, कृत्रिम झडप असेल तर तिचं कार्ड. मुलगी असेल तर लग्न ठरण्याच्याही आधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणं करून घ्या. गरोदरपणात हृदयावर भार वाढतो, आणि वॉरफरिन पहिल्या तीन महिन्यांत गर्भाला घातक ठरू शकतं. ती गोळी स्वतःहून बंदही करायची नाही, कारण कृत्रिम झडपेवर रक्ताची गाठ धरू शकते. बदल डॉक्टरच करतील, तोही दिवस राहण्याआधी ठरवून.