घरावर ताब्याची नोटीस आल्यास
गृहकर्जाचे हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादित (एनपीए, म्हणजे वसुली थकलेले) ठरते आणि बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्ता ताब्यात घेऊन कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) नुसार ६० दिवसांत कर्ज फेडण्याची नोटीस पाठवू शकते. ती नाकारू नये. मिळाल्याची तारीख पाकिटावरच नोंदवावी, कारण पुढचा वाद बहुधा तारखांवरूनच होतो. दंडव्याज किंवा जमा न दाखवलेले हप्ते यांबाबतचा आक्षेप लेखी द्यावा आणि शाखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी; आक्षेप अमान्य असल्यास बँकेला १५ दिवसांत कारणे कळवावी लागतात. ताब्याची कारवाई झाल्यास ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. दारावर नोटीस चिकटताच ‘सेटलमेंट करून देतो’ म्हणणारे मध्यस्थ हमखास उगवतात. त्यांना रोकड, कोरा धनादेश किंवा मुखत्यारपत्र मुळीच देऊ नये.